चर्चमध्ये पहिल्यांदा गेलात तेव्हा... (अनुभव धागा)

‘मी ख्रिस्ती नाही, रविवारी येऊन नुसतं बसलं तर चालेल का?’ हा प्रश्न मला आजवर कितीतरी जणांनी विचारलाय, तोही आवाज खाली आणून. चालतं. आधी कुणाची परवानगी लागत नाही. पण नुसतं ‘चालतं’ म्हटल्याने धाकधूक जात नाही, कारण भीती असते ती आपल्या हातून काही चुकेल याची. म्हणून हा धागा. लग्न, अंत्यविधी, नाताळ, साधा रविवार, ज्या निमित्ताने गेला असाल ते लिहा. कुठे गोंधळलात? आधी काय माहीत असतं तर बरं झालं असतं?

*

मैत्रिणीच्या वडिलांसाठी मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) होता, तेव्हा गेले होते. कधी उठायचं, कधी बसायचं, ते पुढच्या बाकावरच्या बाईंकडे बघून करत होते. आमची रांग उठून वेदीकडे निघाली, तशी मीही निघाले. फादरांसमोर पोचल्यावर लक्षात आलं की इथे हातावर काहीतरी घ्यायचं आहे आणि काहीतरी म्हणायचंही आहे. मी गप्प. त्यांनी अगदी हळू विचारलं, ‘आपण कॅथलिक आहात का?’ मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी हात उचलून आशीर्वाद दिला आणि मी परत फिरले. कुणी वळूनही बघितलं नाही.

मैत्रिणीने नंतर समजावलं तेव्हा मात्र मी हलले. फादर हातावर देतात ती भाकर, त्यांच्या श्रद्धेप्रमाणे, वेदीवरच्या प्रार्थनेनंतर नुसती भाकर राहत नाही, ते ख्रिस्ताचं शरीर असतं. आलेल्या सगळ्यांना वाटायची वस्तू असं मी धरून चालले होते. इथे न घेण्यातच मान राखला जातो, एवढं एक वाक्य कुणी आधी सांगायला हवं होतं.

*

(धागाकर्ती) तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. त्या वेळी जागेवर बसून राहिलं तरी कुणाला वावगं वाटत नाही. रांगेत जावंसं वाटलं तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरा; बऱ्याच ठिकाणी ही खूण बघून धर्मगुरू फक्त आशीर्वाद देतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये (म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये) या भाकरीच्या विधीला प्रभुभोजन म्हणतात, आणि त्याचा एकच एक नियम नाही. कुठे बाप्तिस्मा झालेल्या कुणाही ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजन घेता येतं, कुठे फक्त त्या मंडळीच्या सभासदांना. पाळक (तिथले धर्मगुरू) बहुधा आधी सांगतात. शंका असेल तर बसून राहा.

*

मी जन्माने प्रॉटेस्टंट, तरी मिस्सामध्ये अडखळलो. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणत होतो. ‘वाइटापासून सोडव’ इथे सगळे थांबले आणि माझा एकट्याचा आवाज पुढे गेला. आमच्याकडे ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ हे शब्द लगेच जोडून येतात; मिस्सामध्ये मध्ये फादरांची छोटी प्रार्थना असते, मग ते शब्द. शेजारच्या आजोबांनी नुसतं स्मित केलं. थोड्याच वेळात एकमेकांना शांती द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनीच पहिला हात पुढे केला.

वाचनं मला फार आवडली. रविवारी बहुधा आधी बायबलमधला जुना करार, मग स्तोत्र, मग नव्या करारातलं पत्र आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा आणि शिकवणीचा भाग. शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात. कपाळावर, ओठांवर आणि छातीवर अंगठ्याने छोटा क्रूस काढतात. ही रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. आमच्याकडे संदेशच अर्धा-पाऊण तास चालतो, तिथे प्रवचन दहा मिनिटांत संपलं.

*

माझा अनुभव पेंटेकॉस्टल उपासनेचा (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारा प्रॉटेस्टंट पंथ). ड्रम, गिटार, पडद्यावर गाण्याचे शब्द, हात वर करून गाणारे लोक. काही जण मोठ्याने प्रार्थना करताना अनोळखी भाषेत बोलू लागले. ते याला पवित्र आत्म्याचं दान मानतात. मला रडू आलं, का ते आजही सांगता येणार नाही. एक गोष्ट मात्र खटकली: नव्या पाहुण्यांना उभं करून टाळ्या वाजवल्या. प्रेमानेच केलं, पण बुजऱ्या माणसाला ते जड जातं. मंडळ्यांनी ही पद्धत सोडावी असं मला मनापासून वाटतं.

*

ग्रीक किंवा रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये (पूर्वेकडची जुनी ख्रिस्ती परंपरा) गेलात तर उभं राहायची तयारी ठेवा. दीड-दोन तास. वाद्यं नाहीत, सगळं गळ्यानेच गायचं. धूप, मेणबत्त्या आणि वेदीपुढे पवित्र चित्रांची अख्खी भिंत. वेदीपाशी काय चाललंय ते पुष्कळदा दिसतच नाही, नुसतं ऐकू येतं. पाय दुखले की कडेच्या बाकांवर बसता येतं. कम्युनियन (ती पवित्र भाकर घेणं) माझ्यासाठी नव्हतं, पण शेवटी आशीर्वादित भाकरीचा वेगळा तुकडा एका बाईंनी आणून माझ्या हातावर ठेवला. तो पाहुण्यांनाही देतात.

*

क्वेकर सभा (शांत बसून उपासना करणारा एक ख्रिस्ती पंथ). पाळक नाही, गाणी नाहीत, वेदी नाही. तासभर शांतता. मध्ये एक गृहस्थ उभे राहिले, चार वाक्यं बोलून बसले, पुन्हा शांतता. शेवटी शेजाऱ्याशी हस्तांदोलन केलं आणि सभा संपली.

*

लहान मूल घेऊन जाणाऱ्यांसाठी: दाराजवळ, कडेला बसा. माझी रडली तेव्हा मीच घाबरले होते; मागच्या काकू तिला बाहेर फिरवून आणायला तयारच होत्या.

*

मी आमच्या चर्चच्या दाराशी उभा असतो, गीतपुस्तकं देतो. पाहुणे अगदी मागच्या बाकावर जातात. त्यापेक्षा मध्ये बसा, पुढच्यांकडे बघून उठता-बसता येतं. फलकावरचे आकडे पानांचे नसून गीतांचे असतात. दानाची पिशवी आली की पुढे द्या; पाहुण्याने काही घातलंच पाहिजे असं नाही. गुडघे टेकायचे नसतील तर शांत बसा. म्हणायचं नसेल ते म्हणू नका. फोटो काढायचा असेल तर उपासना झाल्यावर मला विचारा, मी स्वतः आत घेऊन जाईन.