घर नवऱ्याच्या नावावर, संसार दोघांचा. वेगळं होताना वाटणी कशी व्हावी?

बेसारोडवाली
माझी मावसबहीण वेगळी होऊन राहिली. अकरा वर्षांचा संसार, आठ वर्षांची पोरगी. मारझोड नाही, व्यसन नाही, दोघांचं जमून नाही राहिलं एवढंच, म्हणून संमतीनंच घटस्फोट घेऊन राहिले. नागपुरात बेसाला टू बीएचके आहे, तो त्याच्या नावावर, लोन त्याचं, हप्ता त्याच्या खात्यातून. आणि तिचा पगार? किराणा, पोरीची फी, ऑटोवाला, सासऱ्यांची शुगरची औषधं, सिलेंडर. लग्न झालं तेव्हाच दोघांनी ठरवलं होतं, तुझ्या पगारात घर, माझ्या पगारात घरखर्च. आता वकिलाकडे गेली तर पहिलाच प्रश्न आला, इंडेक्स टू वर, म्हणजे घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नाव कोणाचं आहे? हप्त्याची नोंद बँकेत आहे, पण अकरा वर्षांच्या भाजीची पावती कुठून आणावी तिनं?
माझं स्पष्ट मत आहे, लग्नानंतरच्या कमाईतून जे घर झालं ते दोघांचं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवराबायकोची सामाईकच धरतात. मग आपल्याकडे काऊन नाही?

त्रिमूर्तीनगरचा काका
ताई, बहिणीबद्दल वाईट वाटलं, पण तुमचा नियम मला मान्य नाही. मी काटोलकडची संत्र्याची दोन एकर विकून पोराच्या फ्लॅटचे पैसे भरले. माझ्या बापानं लावलेली झाडं होती ती. लग्न दोन वर्षं पण नाही टिकलं. तुमच्या कायद्यानं त्या वावरातलं अर्धं गेलं असतं. ती पोरगी वाईट नव्हती, तसं मी म्हणतच नाही, पण वावरात तिचा काय संबंध? पोटगी द्या, लेकराचा खर्च द्या, घराला हात लावू नका.

बेसारोडवाली
काका, तुमचं वावर बाजूला काढाच, मी पण तेच म्हणते. माहेरचं, सासरचं, वारशातलं ज्याचं त्याचं. मी फक्त लग्नानंतर दोघांच्या पगारावर फिटलेल्या हप्त्यांबद्दल बोलून राहिली.

फॅमिली कोर्टातली वकील
पंधरा वर्षांपासून हीच कामं करते, म्हणून थोडं लांब लिहिते. आज कायद्यात मालकी वेगळी आणि राहायचा हक्क वेगळा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईला सामायिक घरात, म्हणजे नवऱ्यासोबत जिथं संसार केला त्या घरात, राहायचा हक्क मिळतो आणि सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं की घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर असू शकतं, पण त्यानं ती मालकीण होत नाही. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा द्यायची तरतूद असलेलं २०१० चं विधेयक राज्यसभेत २०१३ ला पास झालं होतं, लोकसभेत अडकलं आणि रद्द झालं. तेव्हापासून आम्ही वकील लोक पोटगीच्या रकमेतूनच ती भरपाई ओढायला बघतो.
तुमच्या बहिणीसाठी कामाची गोष्ट ही की संमतीच्या घटस्फोटाच्या, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये पहिला आणि दुसरा मोशन (कोर्टापुढचा अर्ज) असतो, मध्ये सहा महिने असतात (२०१७ पासून योग्य केसमध्ये कोर्ट ते माफ करू शकतं). फ्लॅटचं काय, एकरकमी किती, कोणत्या तारखेला, सगळं संमतीच्या अटींमध्ये लिहून घ्या. तोंडी "देतो ना नंतर" यावर सही करू नका. तिचं सोनं स्त्रीधन आहे, ते तिचंच, त्याची यादी जोडा. आणि पोरीची पोटगी आई परस्पर सोडून देऊ शकत नाही, तो पोरीचा हक्क आहे.

दर_रविवारी_बाबा
मी विरोधात आहे आणि कारण मालमत्ता नाही, लेकरू आहे. माझा मुलगा सहा वर्षांचा, आठवड्यातून दोन तास भेटतो, तेही एका हॉलमध्ये, तिथं तो माझ्या मांडीवर झोपू पण शकत नाही. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं हे कायद्यात आहे, मला मान्य आहे, पण त्यानंतर? विधी आयोगानं २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, कायदा काही झाला नाही. आता त्यात घराची वाटणी घातली की माणसं म्हणतील, पोरगं ज्याच्याकडे त्याला घर, आणि मग दोघंही पोरासाठी नाही तर फ्लॅटसाठी ताबा मागतील. आत्ताच वकील भेटीचे दिवस आणि पोटगीचे आकडे एकाच कागदावर मांडून घासाघीस करून राहिले. मला अर्धा फ्लॅट मागा, देतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतला अर्धा महिना रात्री पण पोरगं माझ्याजवळ राहू द्या.

मानेवाड्याची ताई
भाऊ, तुमचं वाचून गलबललं. पण मी बाई असून बेसाच्या ताईशी सहमत नाही. माझं नाव होतं ना फ्लॅटवर, अर्धं, लोनवर पण. घटस्फोटानंतर नवरा हप्ता भरायचा थांबला तर बँकेचा माणूस माझ्या शाळेत आला, मी तिथं शिकवते. बँकेला डिक्री, कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, दाखवली, म्हणाले सही तुमची आहे. नाव पाहिजे म्हणताना कर्ज पण अर्धं येते हे कोणी सांगत नाही. मला अर्धा फ्लॅट नको होता, मला मोकळं व्हायचं होतं.

बेसारोडवाली
ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. तरी मी मागे हटत नाही, कर्जासकट हिशोब करा, फिटलेल्या हप्त्यांतून तिचा वाटा काढा, उरलेलं लोन त्याचं. आणि बाबा, ताबा आणि घर एकाच कागदावर नको हे तुमचं पटलं, बहिणीला तसंच सांगते. फीच्या पावत्या सापडल्या सगळ्या, ज्युनिअर केजीपासूनच्या, तिनं जपून ठेवल्या होत्या.

त्रिमूर्तीनगरचा काका
पावत्या कोर्टात दाखवा ताई. त्या रकमेएवढं त्यानं द्यावं, यात माझा वाद नाही. अर्ध्याला मात्र माझा नकार आहे.