डिझेल पिकअपचा ब्लॉक हीटर खरंच चालतोय का, हे कसं तपासायचं?

एडमंटनवासी
2013 ची रॅम 2500 घेतली आहे, 6.7 लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन, वापरलेली. ग्रिलखालून तीन पिनांचा प्लग लोंबतोय, म्हणजे ब्लॉक हीटर (थंडीत बंद इंजिनाचं कूलंट विजेवर तापवणारा) बसवलेला आहे. पण चालतो की नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. काल रात्री चार तास लावून ठेवला. सकाळी गाडी हाफ सेल्फला सुरू झाली, पण बाहेर जेमतेम उणे 5 होतं. टेंपरेचरचा काटा तळालाच होता. बॉनेटखाली हात फिरवला तर कोमट लागलं, का मनाचे खेळ होते, देव जाणे. घरात साधा मल्टीमीटर आहे. उणे 30 यायच्या आत खात्रीनं कसं कळेल? हीटर बदलायचा तर कूलंट काढावं लागतं म्हणतात, म्हणून उगाच हात घालायचा नाहीये.

ओहमकाका
उणे 5 ला सुरू झाली यावरून काहीच सिद्ध होत नाही. तेवढ्या थंडीत हे इंजिन नुसत्या ग्रिड हीटरवरही (इंजिनात शिरणारी हवा तापवणारा) सुरू होतं. उलट बाजूनंही तसंच. उणे 35 ला सुरू झाली नाही, तर लगेच ब्लॉक हीटरला बोल लावू नका. फिल्टरमध्ये डिझेलचं मेण झालं असेल, आणि ब्लॉक हीटर डिझेल तापवत नाही. काट्याकडे तर बघूच नका, कोमट कूलंटला तो जागचा हलत नाही.

तुमचा मल्टीमीटर पुरेसा आहे. प्लग भिंतीतून काढलेला हवा. मीटर 200 ओहमच्या रेंजवर ठेवा आणि आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. 0.3 ते 0.5 दिसेल, ती मीटरच्या वायरींची स्वतःची रोधकता. नंतर तेवढी वजा करायची. आता प्लगच्या दोन चपट्या पिनांमध्ये मोजा. तुमचा हीटर 750 वॅटचा आहे. इथली वीज 120 व्होल्टची, म्हणून 120 चा वर्ग भागिले 750, म्हणजे 19.2 ओहम. 18 ते 21 मध्ये काहीही आलं तरी एलिमेंट (हीटरमधला तापणारा भाग) शाबूत. 1000 वॅटच्या हीटरला 14.4 येतात, मोठ्या ट्रकच्या 1500 वॅटला 9.6.

मीटरनं ओएल (रोध रेंजच्या बाहेर) दाखवलं तर सर्किट कुठेतरी तुटलंय, पण कॉर्डमध्ये की हीटरमध्ये, ते अजून कळलेलं नसतं. 30-40 ओहम येतायत आणि कॉर्ड हलवली की आकडा नाचतोय, तर जोडात गंज आहे. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. भिंतीत लावूच नका.

आता गोल अर्थ पिन आणि दोन्ही चपट्या पिना, एकेक करून, सगळ्यात मोठ्या रेंजवर. इथे मात्र ओएलच यायला हवं. मेख अशी की मल्टीमीटर दोन-चार व्होल्टांवर मोजतो, त्यामुळे एलिमेंटमध्ये शिरलेला थोडा ओलावा त्याला दिसत नाही, तो 120 व्होल्ट लागल्यावरच दिसतो. वर्कशॉपमध्ये यासाठी 500 व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेजवर गळती मोजणारा मीटर) वापरतात. घरी तेच काम जीएफसीआय (गळती पकडणारं) सॉकेट करतं, साधारण 5 मिलिअँपिअर गळती झाली की ते पडतं, म्हणजे वीज तोडतं. पडलं तर शेजारच्या साध्या सॉकेटला लावून बघायचा शहाणपणा करू नका, लोखंडी गाडीला हात तुमचाच लागणार आहे.

प्लगवर ओएल आलं तर हीटरपर्यंत जा. या इंजिनावर तो प्रवाशाच्या बाजूला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल फिल्टरच्या शेजारी असतो. इंजिन गार असताना कॉर्डची टोपी (हीटरवर बसणारं टोक) ओढून काढा आणि थेट एलिमेंटच्या पिनांवर मोजा. अनुभवानं सांगतो, आधी संशय कॉर्डवर घ्यायचा. रस्त्यावरचं मीठ तिथेच जाऊन बसतं.

तारेवरची कसरत
काकांनी सांगितलं ते एलिमेंटचं झालं. वीज तिथवर नीट पोचते का, हा वेगळा प्रश्न. प्लग-इन वॅटमीटर मधे लावा. 750 वॅटच्या हीटरला 700 ते 780 च्या आसपास आणि सव्वासहा अँपिअर दिसायला हवेत. क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर अख्ख्या कॉर्डभोवती अडकवून 'शून्य येतंय, हीटर मेला' असं ठरवू नका. फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांना खोडतात, म्हणून तिथे शून्यच येणार. दोन्ही तारा वेगळ्या करणारा लाइन स्प्लिटर मधे घ्यावा लागतो.

ऑफिसच्या किंवा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मोजत असाल तर थोडं थांबा. कॅनडाच्या प्रेअरीतल्या (मैदानी भागातल्या) अनेक पार्किंग लॉटमध्ये वीज वाचवायला सॉकेटं आळीपाळीनं चालू-बंद करतात. वीस मिनिटांनी पुन्हा बघा.

एक्स्टेंशन 14 गेजचं, तीन पिनांचं, बाहेर वापरायचं. लांबी 15 मीटरपेक्षा जास्त असेल तर 12 गेज, म्हणजे आणखी जाड. वायरीत दोन-चार व्होल्ट पडले तर काही बिघडत नाही, घात होतो तो सैल जोडात. एका पिनेवर फक्त अर्धा ओहम रोध आला, तरी सव्वासहा अँपिअरला तिथे जवळपास 20 वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नची ती ताकद, तीही प्लास्टिकच्या पोटात. म्हणून अर्ध्या तासानं प्लग हातात धरून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर नाही.

मोठे ट्रक चालवणाऱ्यांसाठी: 1500 वॅट म्हणजे 12.5 अँपिअर. 15 अँपिअरच्या सर्किटवर सलग 12 च्या वर लोड ठेवत नाहीत, तेव्हा 20 अँपिअरची लाइन हवी. गराजच्या एकाच सर्किटवर दोन गाड्या लावणारेही पुष्कळ भेटतात, दोन 750 मिळून लोड तेवढाच होतो.

सास्काटूनचा पाटील
मधेच विचारतो. माझी जीएमची डुरामॅक्स डिझेल आहे. प्लगवर ओएल येतंय, बाहेर उणे 6. कॉर्ड टाकून द्यायची का?

ओहमकाका
थांबा पाटील, टाकू नका. जीएमच्या डिझेल पिकअपच्या बऱ्याच कॉर्डच्या प्लगमध्येच थर्मोस्टॅट असतो. उणे 18 पेक्षा जास्त तापमानाला तो सर्किट उघडं ठेवतो, म्हणजे उणे 6 ला ओएल यायलाच हवं. कॉर्डवर तापमान छापलेलं असतं, वाचून घ्या. काही जण प्लग घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून तपासतात, पण फ्रीझरही उणे 18 च्याच आसपास असतो, त्यामुळे मिळणारं उत्तर धड ना इकडचं ना तिकडचं. हीटरकडचं टोक काढून थेट एलिमेंट मोजा, किंवा उणे 25 च्या सकाळी प्लगवर मोजा.

एडमंटनवासी
मोजलं. प्लगवर ओएल. हीटरकडची टोपी काढून थेट एलिमेंटवर 19.8, प्रोबचे 0.4 वजा करून 19.4. अर्थला दोन्हीकडून ओएल. टोपीच्या एका भोकात हिरवी पूड भरलीय आणि त्या बाजूचं प्लास्टिक तपकिरी पडलंय. कॉर्ड मूळची नाही, कोणीतरी नंतर बसवलेली दिसते. म्हणजे ते कोमट वाटणं मनाचंच होतं!

ओहमकाका
मग कूलंटला हात लावायची गरज नाही. फक्त कॉर्ड बदला. तपकिरी पडलेली टोपी घासून पुन्हा वापरू नका, आतली स्प्रिंग ढिली झालेली असते, ती परत तापणार. हीटरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनर आणि पितळी ब्रशनं हलक्या हातानं चमकवा. पीन खड्डे पडून बारीक झाली असेल तर मात्र हीटरही गेला समजा. नवीन टोपीच्या रबरी सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या आणि टोपी पूर्ण आत बसेपर्यंत दाबा. कॉर्ड एक्झॉस्ट आणि फॅनपासून लांब, टाय मारून न्या. मधे तोडून टेपनं जोड देऊ नका. जोडात पाणी गेलं की काय होतं ते बघायचं असेल तर फोर्डचा डिसेंबर 2018 चा रिकॉल वाचा. एफ-सीरिजचे सुमारे 8,74,000 ट्रक ब्लॉक हीटरच्या केबलच्या जोडासाठी परत बोलावले होते, कारण गंज आणि आगीचा धोका. त्या काळातली एफ-सीरिज कोणाकडे असेल तर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून तपासा.

तारेवरची कसरत
एलिमेंट कधी बदललाच, तर एक पथ्य: कूलंट भरून, इंजिन पूर्ण तापवून, हवा निघाल्यावर आणि लेव्हल पुन्हा बघितल्यावरच प्लग लावा. एलिमेंट हवेच्या बुडबुड्यात राहिला तर पाहता पाहता जळतो. 'चालतो का बघू' म्हणून बाहेर काढलेला हीटर टेबलावर लावणाऱ्यांचा तर नवाकोरा हीटरही जातो.

नवीन कॉर्ड लावलीत की दहा मिनिटांनी हीटरजवळ कान द्या. पातेल्यात पाणी तापायला लागताना येतो तसा बारीक सूं-सूं आवाज येतो. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करायच्या आधी इग्निशन फक्त ऑन करून ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं यंत्र) कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान बघा. न लावलेल्या रात्री दोन्ही सारखे असतात, लावलेल्या रात्री कूलंट स्पष्टपणे वर दिसायला हवं. पंप बंद असल्यानं उष्णता सगळीकडे सारखी पसरत नाही, तेव्हा सेन्सरचा आकडा ब्लॉकपेक्षा थोडा कमी वाटला तर घाबरू नका.

एडमंटनवासी
कॉर्ड मागवली. रात्रभर लावायची का?

ओहमकाका
नको. निघायच्या तीन-चार तास आधी चालू होईल असा टायमर लावा, 15 अँपिअरचा, बाहेरचा, अर्थ पिन असलेला. चार तासांत 3 युनिट जळतात, दहा तासांत साडेसात. पुढच्या सहा तासांत इंजिन काही फार जास्त तापत नाही.