मदत हवी आहे: शिष्यवृत्ती अडकलीय, कॉलेज फी मागतंय

नमस्कार दादा-ताईंनो. मी हिंगोली जिल्ह्यातला, नांदेडला बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. महाडीबीटीवरचा (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्ज कॉलेजकडून मंजूर झालाय, पण खात्यात छदाम नाही. चौकशी केली तर कळलं, पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच जातात, अन् माझं आधार गावाकडच्या जुन्या शाळेच्या खात्याला जोडलेलं आहे. ते खातं वापरात नसल्यानं बंद पडलंय. आता नांदेडच्या खात्याला आधार जोडलं तर अडकलेला हप्ता तिकडे येतो, का जुनं खातंच चालू करावं लागतं? बँकवाले कॉलेजकडं बोट दाखवतात, कॉलेजवाले बँकेकडं.

तोवर परीक्षा फॉर्मसाठी बाकी फी भरा म्हणतात. बाबांना मागवत नाही. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, आमचं आडतीवर त्याच्या बरंच खाली गेलं. यंदाही हात आखडताच आहे.

संध्याकाळी मेडिकलवर काम करतो, त्यात खोलीभाडं अन् मेस कशीबशी निघते. पण दुपारचं प्रॅक्टिकल लांबलं की मालक कुरकुरतो, अन् फिजिक्स राहिलंय ते राहिलंच. एटीकेटीवर पुढं आलोय.

विद्यापीठाच्या 'कमवा व शिका'त संलग्न कॉलेजच्या पोरांना काम मिळतं का? पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता भाड्याच्या खोलीवर राहणाऱ्याला कुणाला मिळालाय का, अन् कोणती कागदं लागली? ('कर्ज काढ' हा सल्ला कृपया नको, घरात आधीच पीककर्ज आहे.) फिजिक्सच्या जुन्या नोट्स कुणाकडं असतील तर नांदेडात येऊन घेऊन जाईन.