बियाणे-औषध कंपनीत फील्ड ऑफिसरची मुलाखत, तयारी कशाची करू?

पऱ्हाटी_घाटंजी
बी.एस्सी. अ‍ॅग्री झालं. नागपूरले एका बियाणे-कीटकनाशक कंपनीत फील्ड ऑफिसरसाठी येत्या गुरुवारी सकाळी 10 वाजता मुलाखत हाये. हेडक्वार्टर यवतमाळ जिल्ह्यातच देऊ म्हणतात. पुस्तकं पुन्हा वाचू की नेटवरची प्रश्नोत्तरं पाठ करू? इंग्रजीत बोलाव लागते का? माह्यी भाषा पक्की वऱ्हाडी हाये. अन् पगार विचारला तं काय सांगाव?

काळी_माती
पाठांतर सोडा. या पदाच्या मुलाखतीत हिशेब विचारतात, आणि पदवीधर पोरं नेमकी तिथंच अडकतात. कागद-पेन्सिल घेऊन खालचे हिशेब हात बसेपर्यंत करा.

एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. कपाशी 3 बाय 1 फुटावर असेल तर एकरी 14,520 झाडं. खताचं: डीएपीच्या 50 किलोच्या चुंगडीत 9 किलो नत्र, 23 किलो स्फुरद. युरियाच्या 45 किलोच्या चुंगडीत 20.7 किलो नत्र. समजा एकरी 24 किलो नत्र द्यायचं आहे आणि डीएपीची एक चुंगडी पडली. उरलं 15 किलो, म्हणजे युरिया साडेबत्तीस किलोच्या आसपास. हे तोंडी यायला हवं.

फवारणीचा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. लेबलवर एकरी 100 ग्रॅम औषध आणि 200 लिटर पाणी आहे. 15 लिटरच्या पंपाला साडेसात ग्रॅम, पंप लागतात तेरा-साडेतेरा. कास्तकार मात्र आठ पंपांत एकर उरकतो, मात्रा पंपाला तेवढीच ठेवतो. शेतात पडलं 60 ग्रॅम. मग ‘तुमच्या औषधानं अळी मेली नाही’ म्हणून दुकानदाराचा फोन येतो.

हाच प्रश्न मुलाखतीत दुसऱ्या रूपात येतो: तक्रार आली तर काय कराल? ‘वरिष्ठांना कळवीन’ इथंच उत्तर थांबवू नका. आधी शेतात जाईन, किती पंप मारले, पंपाला किती टाकलं, सोबत दुसरं काय मिसळलं, पाणी गढूळ होतं का, फवारल्यावर किती वेळानं पाऊस आला हे विचारीन, बिल आणि बॅच नंबरचा फोटो घेईन. भरपाईचा शब्द धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून द्यायचा नाही. तो अधिकार फील्ड ऑफिसरला नसतो आणि समोरचे तेच तपासत असतात.

धुऱ्यावरून
वरच्यात भर. यवतमाळ म्हटलं की गुलाबी बोंडअळी विचारणारच. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) हेक्टरी 5, म्हणजे एकरी 2. एका सापळ्यात सलग 3 दिवस रोज 8 किंवा जास्त पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली. दुसरी खूण, 20 हिरवी बोंडं फोडून 2 मध्ये अळी निघाली तर 10 टक्के बोंडं किडली, म्हणजे तीही पातळी ओलांडली. डोमकळी (अळीमुळं पाकळ्या गुंतून न उमललेलं फूल) कशी दिसते तेही बोलता आलं पाहिजे.

डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग विषारीपणाच्या उतरत्या क्रमानं पाठ ठेवा: लाल, पिवळा, निळा, हिरवा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यामुळं सुरक्षा कीट, वाऱ्याची दिशा आणि विषबाधा झाल्यास डबा व माहितीपत्रक दवाखान्यात सोबत नेणं, हे तुमच्या उत्तरात न विचारता आलं तर बरं.

‘गोंदियाला पाठवलं तर जाल का?’ हाही प्रश्न येऊ शकतो. नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही. तिकडं धान आहे, त्यावरच्या किडी, तुडतुडे आणि गादमाशी, एवढं तरी माहीत असू द्या.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. गिऱ्हाईक वऱ्हाडी बोलते, तर कंपनीला वऱ्हाडी बोलणाराच लागते. फक्त स्वतःची ओळख एक मिनिट हिंदीत आणि एक मिनिट सोप्या इंग्रजीत तयार ठेवा, कारण समोरचा साहेब बाहेरच्या राज्यातला असू शकतो.

चुंगडी_नं_१
पगाराआधी गाडीखर्च विचारा. दिवसाला 80 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 2,000 किलोमीटर. गाडी 50 चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर 40 लिटर पेट्रोल. लिटर 105 रुपये धरलं तरी 4,200 गेले, टायर-ऑइल वेगळं. किलोमीटरला किती देतात, कमाल मर्यादा किती, आणि कृषी केंद्राकडच्या उधारीची वसुली तुमच्या टार्गेटमध्ये धरतात का, एवढं विचारलं की पगाराचा आकडा आपोआप ठरवता येते. नोकरीसाठी कोणी ‘डिपॉझिट’ मागितलं तर सरळ उठून या.

कागदं: सगळ्या मूळ गुणपत्रिका, झेरॉक्सचे दोन संच, दुचाकीचा पक्का परवाना. आधार आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी की नंतर यानं अडत नाही, स्पेलिंग वेगळं असलं की अडते. ते आजच पाहा, बुधवारी रात्री नाही.

आणि घाटंजीहून त्याच दिवशी सकाळच्या एसटीनं निघू नका. यवतमाळ ते नागपूरच दीडशे किलोमीटरच्या घरात आहे. आदल्या रात्री नागपुरात मुक्काम करा.

पऱ्हाटी_घाटंजी
आभारी हाये भाऊ. एक हिशेब करून पायला: सोयाबीन एकरी 30 किलो, ते 70 टक्के उगवणीवर. उगवण 60 निघाली तं 30 गुणिले 70 भागिले 60, म्हणजे 35 किलो. बरोबर हाये?

काळी_माती
हिशेब बरोबर. पण हे घरच्या बियाण्यासाठी. गोणपाटात 100 दाणे गुंडाळून उगवण पाहिली आणि 60 आली, तर 35 किलो पेरा म्हणायचं. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के लागते, त्याखालची थैली विकताच येत नाही. मुलाखतीत पुढचा प्रश्न नेमका घरचं बियाणं आणि विकतची थैली यातल्या या फरकाचाच येईल.