कोयता एक, माणसं दोन, पैसे कुणाच्या हातात?

बालाघाटची लेक
दसरा झाला की आमच्या गावात ऊसतोडीची बोली सुरू होते. कारखान्यासाठी मजूर जमवणाऱ्या मुकादमाचा पहिला प्रश्न, ‘किती कोयते?’ कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते, कागदावर सही गड्याची आणि पैसेही त्याच्याच हातात. माझ्या आईनं सतरा हंगाम केले. उचल किती घेतली हे तिला कोपी म्हणजे राहायची झोपडी टाकून झाल्यावर, शेजारच्या बायकांच्या बोलण्यातून कळायचं.

आता कामाचं बघा. पहाटे तीनला उठून चूल, भाकरी, पाणी. मग उसाचा फड. वडील बुडातून ऊस तोडायचे. आई पाचट काढायची, वाढ्यानं मोळी बांधायची आणि गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची. गाडी रात्री अकराला आली तर अकराला. कोपीवर आल्यावर वडील आडवे व्हायचे. त्यांचीही कंबर गेलेली असायची, त्यांना मी बोल लावत नाही. पण आई परत चुलीपुढं बसायची.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. व्हायलाच हवी होती. पण वाढ टनावर आणि टन कोयत्याच्या नावावर. समान कामाला समान वेतन देणारा कायदा 1976 मध्येच झाला. तो लागू व्हायला बाईला आधी स्वतःचं वेतन तर पाहिजे! माझी मागणी एकच आहे. उचल आणि मजुरी निम्मी-निम्मी करून दोघांच्या दोन खात्यांत टाका.

कोरडवाहू
ताई, आईचं लिहिलंत ते अक्षरन् अक्षर खरं आहे. मी स्वतः तोडीला जातो. पण दुखणं एकीकडं आणि तुम्ही पट्टी दुसरीकडं बांधताय. दोघांनी घरदार सोडून का जायचं? रानात पाणी नाही म्हणून. पाटाचं पाणी नीरा-प्रवरेच्या काठाला मिळालं, तिथं ऊस झाला, कारखाने झाले आणि तो ऊस तोडायला आमचे तांडे आणि वाड्या. माझं तीन एकर माळरान आहे, त्यात चार महिन्यांचं धान्यसुद्धा पिकत नाही. उचल काय मी एकटा खातो? मागची बाकी, पोरीचं लग्न, बोअर, संपली. दोन खाती केली तर आहे त्याच तुकड्याचे दोन तुकडे होतील. भांडण कारखान्याशी आहे, ते नवरा-बायकोत लावू नका.

बालाघाटची लेक
दादा, पाण्याचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण बोअर कुणाच्या रानात मारला? सातबारा कुणाच्या नावावर आहे? महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क आहे. आमच्या गावात मात्र भाऊ साडी-चोळी करतो आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. म्हणजे बाईच्या घामाची उचल पुरुषाच्या रानात जिरते. उद्या नवऱ्यानं टाकलं तर तिनं त्या बोअरचं पाणी मागायचं कुणाकडं? कारखान्याशी भांडू की, दोघं मिळून भांडू. फक्त त्या भांडणात तिचं नाव यादीत असू द्या.

नीरेकाठचा
मी ऊस लावणारा. आमच्याकडं बोट दाखवलंत म्हणून लिहितो. तोडणी आणि वाहतूक आमच्याच बिलातून कापली जाते. वर ऊस वेळेत जावा म्हणून तोडणाऱ्या टोळीला खुशाली, ड्रायव्हरला एंट्री, हे वरचे पैसे खिशातून वेगळे. बागायतदार म्हणजे सगळा राजा, असं नाही. दोन खात्यांना आमची ना नाही. पण मजुरीची बोलणी अशीच ताणत राहिली तर हार्वेस्टर वाढतील. मशीनला नवराही लागत नाही आणि बायकोही.

मुकादमाचा पोरगा
सगळे मुकादमालाच शिव्या देतात म्हणून सांगतो. आबांनी एका वर्षी नऊ कोयत्यांना उचल दिली, त्यातले चार रातोरात पळाले. ज्यांच्याकडून पैसे आणले होते त्यांनी आबांना सोडलं नाही, दोन एकर विकून फेडले. आता दोन खात्यांत पैसे द्यायचे तर कागदावर दोन सह्या लागणार. आज कर्ज गड्याच्या नावावर असतं, बाई त्यातून मोकळी आहे. ती मोकळीक घालवायची आहे का? हा विचार करा. मी हे तिच्याच बाजूनं म्हणतोय.

वॉर्डातली
मी नर्स आहे. दुखणं गरिबीचं की बाईपणाचं, हा वाद माझ्यासमोर येतो तो पोट धरून. बाई म्हणते, अंगावरून जातं, कंबर भरून येते. फडात संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाळीत सुट्टी नाही. सुट्टी घेतली तर खाडा आणि खाड्याचे पैसे कापतात. खासगीत कुणीतरी सांगतं, ‘गर्भाची पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल.’ बीड जिल्ह्यातला हा प्रकार 2019 मध्ये गाजला, तेव्हा सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. मला त्यात सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे: ऑपरेशनचा खर्च पुष्कळदा उचलीतूनच होतो आणि ती उचल फेडायला तीच बाई टाके ओले असताना परत फडात जाते. पंचविशी-तिशीतल्या बायका आहेत या. गरीब पुरुषाला कुणी असा सल्ला दिला नसता.

कोरडवाहू
ताई, पिशवीचं वाचून गप्प झालो. आमच्या भावकीत दोघी आहेत. पण जवळ सरकारी दवाखाना आणि तिथं बाई डॉक्टर असती तर हे झालं नसतं, हेही लिहा.

वॉर्डातली
लिहिते की. दवाखाना पाहिजेच. पण दवाखान्यात यायचं की नाही हे ठरवायला आमच्याकडं येणाऱ्या बाईला आधी नवऱ्याकडं एसटीचे पैसे मागावे लागतात.

बालाघाटची लेक
मुकादमाच्या पोराला उत्तर देते. दादा, पूर्वी ‘बायकांना खातंच नाही’ म्हणायचे. 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार ज्या खात्यात येतात ते खातं बाईचंच आहे, ते कारण आता संपलं.

राहिली ती मोकळीक. माझे वडील हंगाम संपायच्या आधीच गेले. हिशोबात बाकी निघाली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादम दारात होता. वाईट माणूस नव्हता, ओट्यावर बसून रडला, मग वही काढली. कागदावर आईची सही नव्हती. तरी पुढची दोन वर्षं ती अर्धा कोयता म्हणून दुसऱ्याच्या टोळीत गेली आणि बाकी फेडली. टोळीतल्या गड्यांच्या नजरा चुकवत कोपीत एकटी झोपायची, उशाला विळा घेऊन. सही नसल्यानं ती फेडण्यातून सुटली नाही. तिला फक्त आकडा विचारता आला नाही. वहीत जे लिहिलं होतं ते तिनं खरं धरलं.

मुकादमाचा पोरगा
याला माझ्याकडं उत्तर नाही. दोन सह्या असतील तर दोन हिशोबवह्या द्याव्या लागतील, एक तिच्याकडं. आबा तयार होणार नाहीत, तरी बोलून बघतो.

कोरडवाहू
पाण्याचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पण काल जेवताना बायकोला सहज विचारलं, यंदा आपण उचल किती घेतली सांग. तिनं जो आकडा सांगितला तो वीस हजारांनी कमी होता.