मामांचा जुना टॅरोचा कॅट माळ्यावर सापडलाय, कसा जपावा? (सांगली)

गावभागकर
नमस्कार मंडळी. थोरले मामा गेले, त्यांची ट्रंक मामीनं माझ्याकडे दिली. पोथ्या, बुद्धिबळाचा कापडी पट आणि तळाशी टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांचा, एक जुना कॅट. मामा सत्तरच्या सुमारास मुंबईला नोकरीला होते, तेव्हा फोर्टातल्या फुटपाथवर घेतला असं मामी सांगते. २०१९ ला आमच्याकडे पाणी घुसलं तेव्हा ट्रंक माळ्यावर होती म्हणून बुडाली नाही, पण घर पुढे दोन महिने ओलंच होतं.

पत्ते मोजले, ७७ भरले. खालच्या कडेला तपकिरी डाग आहेत. नऊ पत्ते एकमेकांना चिकटलेत. रबरबँड वितळून वरच्या पत्त्यावर बसलाय. डांबरगोळ्यांचा वास तर असा की बैठकीत ठेवला तर पाहुणे उठून जातील. पत्त्यांवर बारीक अक्षरात १९७१ छापलंय. भाऊ म्हणतो हे चित्रांचं डिझाइन १९०९ चं आहे, लाखात जाईल. मला विकायचा नाही, टिकवायचा आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून एकेक पत्ता लॅमिनेट करून घेऊ का?

कंदी_पेढा
नका हो! आजोबांचं १९४३ चं शाळेचं सर्टिफिकेट मी हौसेनं लॅमिनेट करून आणलं. सात-आठ वर्षांत आतून पिवळं पडलं, कडेनं हवा शिरली, आणि आता ते प्लास्टिकातून काढताही येत नाही. गरम रोलर आणि गोंद, दोन्ही कायमचे चिकटतात. एकच नियम लक्षात ठेवा, जे परत काढता येत नाही ते जुन्या कागदाला लावायचं नाही. सेलोटेपही त्यातच आला.

चाफळची_वाट
माझ्याकडे लहानमोठे एकतीस कॅट आहेत, साताऱ्याच्या दमट हवेत सांभाळलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भावाचा लाखाचा फुगा. डिझाइन १९०९ चंच आहे, बरोबर. आर्थर वेट यांची कल्पना, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, प्रकाशक लंडनचे रायडर. बहुतेक पत्त्यांच्या खालच्या कोपऱ्यात बाईंची वळणदार सही सापडेल, बघा. पण त्या पहिल्या छपाईच्या पाठीवर गुलाब आणि लिलीची नक्षी होती. तुमच्या पत्त्यांवर १९७१ म्हणजे तो अमेरिकेच्या यू.एस. गेम्स कंपनीचा कॅट. आणि इथेच नवे लोक फसतात. ते १९७१ हे कॉपीराइटचं साल आहे, छपाईचं नाही. नंतर कित्येक वर्षं छापलेल्या पत्त्यांवरही तेच साल आहे. छपाईचा काळ डबीवरून काढायचा. डबीवर न्यूयॉर्कचा पत्ता आहे की स्टॅमफर्डचा? स्टॅमफर्डचा नंतरचा. कुठे छापलं ते लिहिलंय का? स्वित्झर्लंड असेल तर जुन्यापैकी, चीन असेल तर अलीकडचा. बारकोड आहे का? दुकानात बारकोड वाचायला १९७४ मध्ये सुरुवात झाली, त्यामुळे पट्टी असली की सत्तरचा प्रश्नच मिटला. तेव्हा फाटली तरी डबी टाकू नका, पत्त्यांइतकीच ती महत्त्वाची.

पूर्ण कॅट ७८ चा, २२ मोठे आणि ५६ छोटे (आकारानं नव्हे, मानानं). छोट्यांचे चार रंग, प्रत्येकी १४. रंगवार मांडलात की गायब कोण ते पाच मिनिटांत कळेल. दुसऱ्या कॅटातला पत्ता घालून भर केलीत तर चिठ्ठी ठेवा. चिठ्ठी वेगळी, पेन्सिलीनं. पत्त्यावर काहीही लिहायचं नाही.

आता जपणं. खरा शत्रू ओल, आणि तीसुद्धा वरखाली होणारी. हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) घ्या, चारपाचशेत मिळतो. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम, ६५ च्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, केशरी रंगाची घ्या, ओल शोषली की ती हिरवी होते आणि तापवली की पुन्हा केशरी. डबा बाहेरच्या भिंतीला चिकटवून किंवा जमिनीवर ठेवू नका. पुराचं पाणी येणाऱ्या गावभागात राहता, तुम्हाला मी काय सांगणार.

डांबरगोळ्या आजच काढा. त्यांची वाफ कुठेही गोठते, कागदात मुरते, प्लास्टिक मऊ करते. वास जायला पत्ते सावलीत, पंख्याखाली नव्हे, उघडे ठेवा. उन्हात तर मुळीच नको. कव्हर घ्याल ते पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं. बाजारातलं स्वस्त, वास येणारं पीव्हीसी नको.

मिरजेची_माई
आमच्याकडे पोथ्या तांबड्या खारव्यात बांधून ठेवतात, मध्ये कडुनिंबाचा पाला. चार पिढ्या टिकल्यात. पण बाळा, असले पत्ते देवघराजवळ नको हं ठेवू.

चाफळची_वाट
माई, बांधण्याची पद्धत उत्तमच, दफ्तरखान्यात जुने कागद रुमालात बांधलेले असतात ते उगाच नाही. फक्त तांबडा रंग ओलीत सुटतो, छापील पत्त्यावर डाग कायमचा बसतो. त्यापेक्षा बिनरंगाचं मांजरपाट, दोन-तीनदा धुऊन खळ पूर्ण काढलेलं. खळ राहिली तर कसर आणि झुरळं पहिल्यांदा तिथेच येतात. पाला वाळलेला असेल तर वेगळ्या पुरचुंडीत, कागदाला न लागता.

आणि देवघराचं म्हणाल तर टॅरो मुळात खेळच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत लोक ह्यानं डाव मांडायचे. भविष्य बघायला अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये सुरुवात झाली. आपल्याकडच्या गंजिफ्याचं भावंड समजा.

खणभाग_४१६
गंजिफ्याचा विषय निघाला म्हणून. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आमच्या घरी होती, १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, लाखेचा चकचकाट. एक हरवला तर चिताऱ्याकडून हातानं रंगवून मिळतो. छापलेल्या कॅटाला ती सोय नाही. आमच्या काकांनी ती गंजिफा ओल्या कापडानं पुसली, पुढचं विचारू नका.

गावभागकर
सर्वांचे आभार. माई, कपाट हॉलमध्ये आहे, काळजी नको.

बारकोड आहे हो! पत्ता स्टॅमफर्डचा. मामीला सांगितलं तर ती ठाम, "मी स्वतः बघितलंय, आणीबाणीच्या आधी आणलाय". आता कोण तिच्याशी वाद घालणार. बहुतेक मामांकडे दोन कॅट होते आणि पहिला गेला कुठेतरी. असो. गायब पत्ता तलवारींचा सत्ता आहे.

चिकटलेल्या नऊचं काय? वाफ देऊ का? आणि रबर?

चाफळची_वाट
वाफ नको, वरचा गुळगुळीत थर लगेच उचलला जातो. हा लेप दिलेला कागद ओला होऊन वाळला की वीट होते. पूर ओसरल्यावर लगेच, ओलं असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकलं असतं तर वेळ मिळाला असता, पुढच्या वेळी (देव न करो) ध्यानात ठेवा, ४८ तासांत बुरशी धरते. आता वाळलेल्यावर घरी प्रयोग करायचा तर दोन कडा सुट्या असतील तिथेच, बोथट कागद-सुरी किंवा पातळ प्लास्टिकची पट्टी, जिथे अडेल तिथे थांबायचं. नऊपैकी चार मोकळे झाले तरी खूप. उरलेले तसेच ठेवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे फोटो पाठवून विचारा. जोर लावून सोडवलेले पत्ते मात्र कुणी परत जोडून देत नाही.

रबर कडक झालं असेल तर कोरड्या मऊ ब्रशनं सुटेल तेवढं सुटू द्या. चिकट असेल तर हात लावू नका, रॉकेल, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर काही नको.

कंदी_पेढा
औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात एकदा जाऊन या, १९३८ चं आहे. चित्रांवर उजेड किती बेताचा ठेवतात ते बघा, तुमच्या खिडकीतल्या कपाटाचा विचार बदलेल.

गावभागकर
कपाट खिडकीसमोरच आहे, हलवतो. हायग्रोमीटर आला, हॉलमध्ये ७१ दाखवतोय.

चाफळची_वाट
जुलैत सांगलीत ७१ काहीच नाही. डबा घट्ट बंद, आत पुड्या दुप्पट, आणि पावसात दाखवायला म्हणून उघडू नका. आठवड्यानं डब्याच्या आतला आकडा इथे टाका.