मदत हवी आहे: लोणार सरोवराचं वय नक्की किती?

नमस्कार मंडळी. लेकीला सातवीत लोणारवर, म्हणजे बुलढाण्यातल्या उल्कापाताने बनलेल्या सरोवरावर, प्रकल्प आहे, सोमवारी द्यायचाय. काम सोपं वाटलं होतं, पण वयावरच अडलंय.

निम्म्या संकेतस्थळांवर ५२ हजार वर्षं, काहींवर ५ लाख ७० हजार. दहापट फरक! एका ठिकाणी तर वरच्या चौकटीत पहिला आकडा आणि खाली मजकुरात दुसरा. खणून पाहिल्यावर कळलं की ५२ हजार हा जुन्या थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीचा (नमुना तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून वय काढणं) आकडा आणि मोठा आकडा नंतरच्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीचा (खडकातल्या आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून वय काढणं). म्हणजे दोन्ही हवेतले नाहीत. पण हे सांगणारं पान एखादंच. बाकीचे एकमेकांचं उतरवतात. तीन पानांवर 'उल्कापात'चा 'उल्कपात' झालेला, तोही त्याच वाक्यात! लेकीनेच दाखवलं, मी नुसता आकडे मोजत बसलो होतो.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, त्याचंही तसंच. कोणी शेवाळ म्हणतं, कोणी चक्क शाप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हॅलोआर्किया हे खारट पाण्यातले सूक्ष्मजीव सांगितले, ते मी धरलंय.

भूगर्भशास्त्रवाल्यांनो, नवा आकडाच लिहायचा की दोन्ही, पद्धतींसकट? बाईंना एकच उत्तर हवंय. आणि मूळ शोधनिबंध न वाचता कुठलं पान भरवशाचं, हे तुम्ही कशावरून ठरवता? पानावर लेखकाचं नाव नसेल तर मी सोडून देतो, पण नाव असलेलेही उतरवतातच की.